सांगितलं होतं की नुसतं मनात म्हटलं होतं?

पत्र असं आहे, थोडं छोटं करून देतेय:

"ताई, वय ४८, डोंबिवलीत राहते, फोर्टला नोकरी. गेलं वर्षभर मी प्रचंड विसरायला लागलेय. गॅसवर दूध ठेवते आणि उतू जातं. किचनमध्ये जाते आणि कशाला आले तेच आठवत नाही. स्टेशनजवळच्या स्टँडला सकाळी लावलेली स्कूटी संध्याकाळी शोधत फिरते. ऑफिसमधल्या नव्या मुलीचं नाव चारदा विचारून झालं. प्रमोशनची परीक्षा आहे, रोज रात्री अकरा ते एक वाचते आणि चार दिवसांनी पाटी कोरी. मागच्या महिन्यात सोसायटीचा चेक द्यायचा राहिला. मी नवऱ्याला नक्की सांगितलं होतं, तो म्हणतो तू सांगितलंच नाहीस, आणि वर म्हणाला की तुझ्या आईसारखं व्हायला लागलंय तुझं. ते फार लागलं. आईला शेवटची सहा वर्षं डिमेन्शिया होता, मला ओळखायची नाही पण अडीचकी, म्हणजे अडीचचा पाढा, घडाघडा म्हणायची. माझंही तेच होणार का? ब्राह्मीच्या गोळ्या, भिजवलेले बदाम, सुडोकू सगळं सुरू केलंय. आणि एक सांगू का, आईला जाऊन तीन वर्षं झाली, तिचा आवाज मला आता नीट आठवत नाही. – विसरभोळी, डोंबिवली"

अगं विसरभोळे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला माझीच स्कूटर आठवली (ते पुढे सांगते, हसू नकोस), आणि दुसऱ्यांदा वाचताना वाटलं की तू ज्याला विसरणं विसरणं म्हणतेयस त्या चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे सगळ्यांना शब्द एकच. मुळात लक्षच गेलं नव्हतं तरी आपण विसरले म्हणतो, करायचं होतं ते वेळेवर सुचलं नाही तरी विसरले, नाव अगदी ओठांवर आहे आणि येत नाही तरी विसरले. आणि जे घडलंच नाही ते घडल्याचं पक्कं आठवतं, त्याला तर आपण विसरणं म्हणतच नाही, त्याला आपण "मी सांगितलं होतं" म्हणतो. म्हणून एकेक सुटं करून बघू.

दूध घे. तू हॉलमध्ये बसलेली असताना मी फोन करून विचारलं असतं की गॅसवर काही आहे का गं, तर तू ताडकन उठून पळाली असतीस. म्हणजे माहिती डोक्यात होती की! फक्त त्या पाच मिनिटांत ती वर यायला हवी होती आणि तिला वर आणणारं तिथे काही नव्हतं. पुढे करायच्या कामांची आठवण ही वेगळीच असते, तिला कोणीतरी टोचावं लागतं आणि दूध काही उतू जाईपर्यंत हाक मारत नाही. माझी आजी यासाठी पदराला गाठ मारायची, आपण मनाशी खूणगाठ बांधली म्हणतो ना, ती खरोखरची बांधायची. पण संध्याकाळपर्यंत पदराला तीन गाठी झालेल्या असायच्या आणि तिसरी कशाची ते तिलाही सांगता यायचं नाही. गाठीने एवढंच कळतं की काहीतरी आहे, काय आहे ते कळत नाही. म्हणून खूण अशा जागी हवी जिथे काम करायचंय आणि ती अशी हवी की बघितल्यावर काम कळलंच पाहिजे. सोसायटीचा चेक नवऱ्याच्या चपलेवर ठेवायचा, विषय संपला. दुधाला फोनचा टायमर. आणि घराबाहेर पडताना बटणाकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणायचं, "गॅस बंद केला". वेडेपणा वाटेल, पण जपानमधे ट्रेनचे ड्रायव्हर आणि स्टेशनवरचे लोक हेच करतात, सिग्नलकडे बोट दाखवतात आणि मोठ्याने बोलतात, आणि तिथल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेने १९९४ साली करून बघितलं तेव्हा चुका जवळजवळ ८५ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. आपल्याकडेही इंजिनात लोको पायलट आणि असिस्टंट एकमेकांना सिग्नल बोलून दाखवतात. ज्यांच्या मागे हजार माणसं बसलेली असतात ते स्वतःच्या आठवणीवर विसंबत नाहीत, आणि आपण मात्र विसंबतो, कारण चिठ्ठी लिहिली की म्हातारं झाल्यासारखं वाटतं.

किचनमध्ये जाऊन थबकणं हे तर सगळ्या जगाचं आहे. अमेरिकेत नोत्र दाम युनिव्हर्सिटीत गॅब्रिएल रॅडव्हान्स्की म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी यावर बरेच प्रयोग केले, लोकांना वस्तू उचलून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायला लावली आणि मधेच विचारलं की हातात काय होतं. तेवढंच अंतर एकाच खोलीत चाललं तर कमी विसरायचे आणि दार ओलांडलं की जास्त. खोली बदलली की मेंदू आधीचा प्रसंग मिटवून नवा उघडतो असं काहीतरी. पुढे दुसऱ्यांनी करून बघितलं तर डोक्यात आधीच गर्दी असेल तेव्हाच हे जास्त होतं असं दिसलं. आता तुझ्या डोक्यात सकाळी पावणेसातला किती गर्दी असते ते तूच मोज, डबे, ८:१२ची लोकल, परीक्षा, सासूबाईंच्या गोळ्या. आपल्याला एका वेळी डोक्यात धरता येतात चार गोष्टी, फार तर सात. १९५६ साली जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने सातच्या आसपास म्हटलं होतं, नंतरच्यांनी ते चारवर आणलं. ओटीपी बघून टाइप करेपर्यंत दोनदा मेसेज उघडावा लागतो तो याचमुळे. तेव्हा परत हॉलमध्ये जा, जिथे उठलीस तिथे उभी राहा, आठवेल. मी तर हल्ली जाताना तोंडाने "कात्री कात्री" करत जाते, घरचे हसतात, हसू देत.

आता स्कूटी. तू सकाळी कुठे लावली ते तुला आठवत नाही असं नाही, तुला फार जास्त आठवतंय. कालची जागा, परवाची जागा, सोमवारची जागा, सगळ्या एकाच स्टँडमधल्या, एकाच घाईतल्या, आणि त्या एकावर एक छापल्या गेल्यात. जुनी आठवण नवीच्या आड येते आणि नवी जुनीच्या. ज्या दिवशी स्टँडमध्ये पाणी भरलं होतं त्या दिवशी कुठे लावली होतीस ते मात्र तुला आजही आठवत असेल बघ. माझी गोष्ट याहून भारी आहे. मी एकदा मंडईत स्कूटर घेऊन गेले, भाजी झाली, पिशव्या जड म्हणून सवयीने रिक्षा केली आणि घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली स्कूटर नाही बघून थेट चौकीत तक्रार द्यायला गेले. तिथल्या हवालदाराने फक्त एवढंच विचारलं की मॅडम शेवटची कधी चालवलीत. तेव्हा माझं वय ४१ होतं आणि मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते, त्यातही स्मृती हा चॅप्टर! उपाय साधा आहे, रोज शक्यतो एकाच कोपऱ्यात लाव, नाही मिळाला तर फोटो काढ.

नव्या मुलीच्या नावाचं फार मनावर घेऊ नकोस, नावं सगळ्यांचीच जातात. यावर इंग्लंडमध्ये १९८७ साली एक छान प्रयोग झाला होता, चेहरे दाखवून एकाला सांगितलं की याचं आडनाव बेकर, दुसऱ्याला सांगितलं की हा बेकर आहे, पाव भाजतो. शब्द तोच, पण धंदा लक्षात राहिला आणि आडनाव गेलं. आपल्याकडे सुतार घे. तो सुतार आहे म्हटलं की रंधा, भुसा, कानामागची पेन्सिल सगळं डोळ्यांसमोर येतं, आणि त्याचं आडनाव सुतार आहे म्हटलं की काहीच येत नाही, तो आयटीत असतो. नावाला धरायला काही मूठच नसते. म्हणून मूठ आपण लावायची, ती मुलगी कुठली, कोणासारखी दिसते, तिच्या नावाची आपली कोण मावसबहीण आहे, आणि पहिल्या पाच मिनिटांत तिला दोनदा नावाने हाक मारायची. नावं विचारताना आपलं अर्धं लक्ष आपण स्वतः काय बोलणार याकडे असतं, म्हणजे ते आत गेलेलंच नसतं, मग विसरणार काय.

परीक्षेवर मात्र मी तुला रागावणार आहे. रात्री अकरा ते एक, पाचला उठायचं, आणि वाचायचं म्हणजे पिवळ्या मार्करने रेघा मारत तेच पान तिसऱ्यांदा वाचायचं, बरोबर ना? एबिंगहाउस नावाचा एक जर्मन माणूस होता, चिवट, त्याने एकट्याने स्वतःवर काही वर्षं प्रयोग केले, अर्थ नसलेले अक्षरांचे तुकडे पाठ करायचे आणि नंतर तेच पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात ते मोजायचं. १८८५ साली पुस्तक छापलं. वीस मिनिटांनी त्याचे ५८ टक्के कष्ट वाचत होते, एका दिवसाने साधारण ३४ टक्के आणि महिन्याने २१. म्हणजे बघ, बरंचसं पहिल्या दिवसातच गळतं आणि मग जे उरतं ते बऱ्यापैकी टिकतं. तुझी चार दिवसांनी कोरी होणारी पाटी ही तुझी एकटीची नाही, ती त्या जर्मनाचीपण होती. मग करायचं काय, तर वाचायचं कमी आणि पुस्तक मिटून आठवायचं जास्त. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारा दिला, काहींनी तो दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग कोऱ्या कागदावर आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर उलटं झालं, वाचणारे ४२ वर आणि आठवून लिहिणारे ५६ वर. पुन्हा पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला येतं असं वाटतं, फसवणूक आहे ती. आपल्या आज्यांनी पाढे म्हणून घेतले ते डोळे मिटून, पुस्तक बघून नाही. लोकलमध्ये बसायला मिळालं तर कालचं पान मिटल्या पुस्तकाने आठवत जा, अडलं की मगच उघड. आणि साडेदहाला झोप. दिवसभराचं जे आत गेलेलं असतं ते झोपेतच पक्कं होतं, तू ते सिमेंट ओलं असतानाच रोज रात्री त्यावरून चालतेयस.

आता भांडण. मला यात तुझी बाजू घ्यायची होती पण नीट जमत नाहीये. माझा अंदाज सांगते. संध्याकाळच्या गाडीत, घाटकोपर-ठाण्याच्या मध्ये कुठेतरी तू मनात म्हणालीस की घरी गेल्यावर याला चेकचं सांगायचं. कसं सांगायचं, तो काय म्हणेल, मी काय म्हणेन, सगळं मनात होऊन गेलं. घरी आलीस, कुकर, पोळ्या. आणि आठवड्याने आठवताना ते सांगणं तुला आठवलं, अगदी शब्दासकट, फक्त ते कुठे झालं होतं, तोंडाने की मनात, ते लेबल गळून पडलं होतं. असं होतं गं, प्रत्यक्ष झालेलं आणि मनात घोळवलेलं यातला फरक ओळखायचं काम मेंदू अंदाजाने करतो आणि कधीकधी चुकतो. आता त्याची बाजू, तो काही सुटला नाही. तू खरंच सांगितलंही असशील, मॅच चालू असताना, तो "हं" म्हणाला असेल आणि त्या "हं"च्या आत काहीच नसेल. त्याच्या दृष्टीने तू सांगितलंच नाहीस आणि तोही खोटं बोलत नाहीये.

आणि खरी गंमत अशी की जितकं भांडाल तितकं दोघांचं पक्कं होत जाणार. एलिझाबेथ लॉफ्टस नावाच्या बाईंनी १९७४ साली लोकांना गाड्यांच्या टकरीच्या छोट्या फिल्म दाखवल्या आणि विचारलं की गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता, तर सरासरी ताशी ३४ मैल म्हणाले. दुसऱ्या गटाला विचारताना "लागल्या"च्या जागी "जोरात आदळल्या" म्हटलं, तर तीच फिल्म बघितलेले लोक जवळजवळ ४१ म्हणाले. मग दुसऱ्या एका प्रयोगात असंच विचारून आठवड्याने पुन्हा बोलावलं आणि विचारलं की फुटलेल्या काचा दिसल्या का. काचा फुटल्याच नव्हत्या! पण "आदळल्या"वाल्या पन्नासांतल्या सोळा जणांना दिसल्या होत्या, "लागल्या"वाल्यांत सात जणांना. आता तू हे भांडण बहिणीला सांगितलंस, मैत्रिणीला सांगितलंस, मला लिहिलंस, आणि दर वेळी "नक्की" हा शब्द थोडा थोडा वर चढत गेला असणार. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नाही, दर वेळी नव्याने केलेली भाजी आहे, आणि मीठ त्या वेळच्या मूडप्रमाणे पडतं. म्हणून कोण बरोबर हे शोधायचं सोडा. पैशाचं जे काही असेल ते व्हॉट्सॲपवर लिहायचं असा दोघांनी नियम करा, निळी टिक काय ते सांगेल. "तुझ्या आईसारखं" मात्र तो चुकीचं बोललाय, ते त्याला शांतपणे सांगच, कारण ते दुष्टपणाचं तर आहेच, पण तुझ्या पत्रात जे दिसतंय ते तसं नाहीसुद्धा.

का नाही ते सांगते. आईला अडीचकी यायची आणि तू ओळखू यायची नाहीस, याचं तुला आजही आतून कुठेतरी दुखतंय हे कळतं मला. पण ते प्रेमाचं मोजमाप नव्हतं. हेन्री मोलेसन नावाचा एक अमेरिकन होता, १९५३ साली फिट्स थांबाव्यात म्हणून त्याचं मेंदूचं ऑपरेशन झालं, वय २७, आणि दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढला गेला. त्यानंतर २००८ साली जाईपर्यंत त्याच्या आयुष्यात जे घडलं त्यातलं जवळजवळ काहीच त्याच्या लक्षात राहिलं नाही. ब्रेंडा मिलनर या बाईंनी त्याला वर्षानुवर्षं तपासलं, दर वेळी तो त्यांना नव्याने भेटायचा. पण लहानपण आठवायचं. आणि आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तर रोज त्याचा हात सुधारत गेला आणि रोज तो म्हणायचा की हे मी आधी कधी केलंच नाही. म्हणजे नवी आठवण रुजवण्याची जागा वेगळी, आणि हाताला-जिभेला बसलेल्या सवयींची जागा वेगळी. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकारात, साधारणपणे तो हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आजूबाजूचा भाग आधी जातो. आईने अडीचकी सातव्या-आठव्या वर्षी हजारदा म्हटली असेल, ती फार खोल होती. आणि तू तिच्या डोक्यात होतीस ती बहुतेक दोन वेण्यांतली, समोर उभी होती ती पंचेचाळीस वर्षांची बाई, तिला ती कशी ओळखणार?

तुझ्याबद्दल. आईला होतं म्हणून तुला होणारच असं नाही. थेट एका जीनमधून घराण्यात उतरणारा अल्झायमर शंभरात एकाहूनही कमी जणांचा असतो आणि तो बहुतेकदा तरुण वयात येतो. आई-वडिलांना उतारवयात झाला असेल तर धोका थोडा वाढतो, एवढंच. आणि तू स्वतः मोजून मोजून सांगतेयस की मी काय काय विसरले. आई असं सांगायची का? बहुतेक आधी घरच्यांच्या लक्षात येतं आणि माणूस म्हणतो मला काही झालेलं नाही. रोजचा रस्ता चुकायला लागलीस, एकच प्रश्न तासात तिसऱ्यांदा विचारलास आणि आधी विचारल्याचं पटलंच नाही, वर्षानुवर्षं करत असलेली पुरणपोळी कशी करायची तेच सुचेना, हिशोब जमेनासा झाला, तर मात्र एक दिवस थांबू नकोस, न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

पण फॅमिली डॉक्टरकडे तू या आठवड्यातच जायचंयस, मी नुसता धीर देऊन सोडणार नाही. बी-१२ आणि थायरॉइड तपासून घे, आणि शाकाहारी असशील तर बी-१२ आधी. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने २००६ साली ४४१ पुरुषांची तपासणी छापली, त्यातल्या ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. आपल्या घरांमधली गोष्ट आहे ही. कमी निघालं तर औषध साधं आणि स्वस्त आहे. पाळी मागेपुढे व्हायला लागली असेल तर तेही सांग, त्या काळात डोक्यात धुकं भरल्यासारखं खूप जणींना होतं आणि नंतर ते बरंचसं निवळतं. सर्दीची किंवा झोपेची एखादी गोळी रोज चालू असेल तर तीही दाखव, काही गोळ्यांनी डोकं जड होतं. आणि मन उदास असतं का, हेही न लाजता सांग, कारण आई गेल्यापासून तू नीट रडली तरी आहेस का असा मला तुझं पत्र वाचताना प्रश्न पडला.

ब्राह्मीच्या गोळ्यांवर माझा फार विश्वास नाही, घेत असशील तर डॉक्टरांना सांगून घे. बदाम खा, छान लागतात. सुडोकूने सुडोकू चांगलं येतं. त्यापेक्षा बीपी, शुगर बघ, कमी ऐकू यायला लागलं असेल तर कान तपास, रोज अर्धा तास चाल. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांनी डिमेन्शियाचा धोका वाढवणारी, पण आपल्या हातातली अशी १४ कारणं काढली त्यात ही सगळी आहेत, बदामाचं नाव नाही.

आईच्या आवाजाचं शेवटी ठेवलं होतं कारण तेच तुझ्या पत्रात सगळ्यात खाली, जाता जाता आल्यासारखं होतं. आवाज मुद्दाम आठवायला बसलं की येत नाही, मलापण माझ्या वडिलांचा येत नाही. तो वाटेने येतो. ती ज्या शब्दाने तुला हाक मारायची तो शब्द, स्वैपाक करताना जे गुणगुणायची ते, तिच्या साडीच्या घडीचा वास, असं काहीतरी हाताला लागलं की एकदम येऊन जातो. अडीचकी म्हणून बघ एकदा, एकटी असताना, तिच्या चालीत, कुठे श्वास घ्यायची तिथे श्वास घेऊन. तू मोठ्या मनाने सहा वर्षं ती ऐकली आहेस. आणि भावाला आजच फोन कर, त्याच्या व्हॉट्सॲपमध्ये आईच्या जुन्या व्हॉइस नोट असतील, कोणाच्या तरी बारशाच्या व्हिडिओत मागे ती बोलत असेल, ते सगळं मागवून दोन ठिकाणी सेव्ह करून ठेव, त्याने फोन बदलायच्या आत. हे वाचून झाल्यावर करते म्हणू नकोस. विसरशील.

– तुझी ताई